टाळ्या कलावंताच्या, कमाई कुणाची?

2002 सालच्या 15 जानेवारीला विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर गेल्या. त्यानंतर वीस दिवसांनी, 4 फेब्रुवारीला, भगवानदादा पालव यांनी दादरच्या चाळीतल्या घरी प्राण सोडला. एक तमाशाचा फड गाजवणारी, दुसरा हिंदी पडद्यावरचा नट, दिग्दर्शक आणि निर्माता. दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या, पण शेवटी दोघांच्याही वाट्याला ओढाताणच आली. राष्ट्रपती पदकाने दोनदा गौरवलेल्या विठाबाईंच्या दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात मोटारी बाळगणारे भगवानदादा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातून गेले.

अशा बातम्या आल्या की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘कलावंत उपेक्षित राहिला.’ दुसरं, जरा आवाज उतरवून, ‘पण त्यालाही पैसा सांभाळता आला नाही हो.’ पहिल्या वाक्याने आपलं मन हलकं होतं, दुसऱ्याने आपली जबाबदारी संपते. मुख्य प्रश्न तसाच राहतो. कलावंताच्या नावावर, चेहऱ्यावर, गळ्यावर आणि पायांवर जो पैसा वर्षानुवर्षं फिरत राहतो, त्यातला त्याच्या म्हातारपणासाठी किती उरतो, आणि तो उरावा अशी व्यवस्था आपण कधी केली का?

गिरणी कामगाराचा मुलगा

भगवान आबाजी पालव यांचा जन्म 1 ऑगस्ट 1913 रोजी अमरावतीचा. वडील गिरणीत कामाला. मुंबईच्या कामगार वस्तीत वाढलेल्या या मुलाला शाळेपेक्षा तालीम आणि सिनेमा यांची ओढ जास्त. मूकपटांच्या अखेरच्या काळात तो पडद्यावर आला. 1938 मध्ये ‘बहादुर किसान’च्या दिग्दर्शनात त्याचा वाटा होता, आणि पुढची दहा-अकरा वर्षं त्याने एकामागून एक स्टंटपट काढले. थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत काढलेले हे चित्रपट गिरणगावातल्या आणि छोट्या शहरांतल्या थिएटरांत कामगार वर्ग शिट्ट्या वाजवत बघायचा. मारामारी, उड्या, घोडेस्वारी सगळं स्वतः करायचं. कुस्तीचा शौक आणि पीळदार अंग यामुळे लोक त्यांना ‘दादा’ म्हणू लागले, ते कायमचंच.

माणसं ओळखण्याची त्यांना चांगली नजर होती. 1942 मध्ये ‘सुखी जीवन’ या आपल्या चित्रपटासाठी त्यांनी संगीतकार म्हणून रामचंद्र चितळकर या तरुणाला घेतलं. पुढे हिंदी सिनेसंगीतावर राज्य करणाऱ्या सी. रामचंद्रांना हिंदीत संगीतकार म्हणून पहिली मोठी संधी मिळाली ती इथे. 1942 मध्येच दादा निर्माते झाले. 1947 मध्ये चेंबूरला त्यांनी स्वतःचा जागृती स्टुडिओ उभा केला. गिरणी कामगाराच्या मुलाने वयाच्या चौतिसाव्या वर्षी मुंबईत स्टुडिओ बांधावा, ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हे.

मग राज कपूरने सुचवलं की मारधाडीचे चित्रपट पुरे झाले, आता एक सामाजिक चित्रपट कर. दादांनी ते मनावर घेतलं आणि 1951 मध्ये ‘अलबेला’ आला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचं, गाणी राजेंद्र कृष्ण यांची. वाद्यवृंदात गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट; एका गाण्यात तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. चित्रपट तुफान चालला. त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत त्याची गणना झाली.

‘अलबेला’त दादा ज्या तऱ्हेने नाचले, तो नाच आज कुणीही पाहून ओळखतो. अंगाने जाड, उंचीने बेताचा माणूस. पाय जागचे फारसे हलत नाहीत. कोपरात वाकलेले दोन्ही हात छातीसमोर, मनगटं सैल, खांद्यांना हलका झोका, कंबर तालावर जेमतेम इकडून तिकडे, आणि चेहऱ्यावर अगदी निर्भेळ आनंद. यात कवायत नाही, गिरकी नाही. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, ज्याला नाच येत नाही त्यालाही नाचता यावं असा हा नाच आहे. तो सगळ्यांचा झाला तो याच कारणाने. पुढच्या पिढीतल्या मोठमोठ्या नटांच्या नाचातही त्याची सावली दिसते. अमिताभ बच्चन यांच्या नाचण्याबद्दल तर हे जाणकार उघडच सांगतात.

या चित्रपटाची गोष्टही आज वेगळी वाटते. नायक प्यारेलाल गरीब घरातला. नट होण्याच्या वेडापायी त्याला घर सोडावं लागतं. रंगभूमीवर तो नाव कमावतो, घरी पैसे पाठवत राहतो. परत येतो तेव्हा कळतं, पाठवलेले पैसे घरी पोचलेच नाहीत, मधल्या मध्ये दुसऱ्यानेच खाल्ले, आणि घर उद्ध्वस्त झालं.

बंगला ते चाळ

‘अलबेला’नंतर दादांकडे जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला होता, सात मोटारी होत्या, स्टुडिओ होता. त्यानंतरचा ‘झमेला’ 1953 मध्ये आला, त्याला तसं यश मिळालं नाही. 1966 चा ‘लाबेला’ पडला. किशोरकुमारला घेऊन सुरू केलेला ‘हंसते रहना’ पुराच झाला नाही, आणि त्यात घातलेली पुंजी बुडाली. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत त्यांच्या जुन्या चित्रपटांच्या निगेटिव्ह जळाल्या. ‘अलबेला’ मात्र वाचला. तो गहाण पडल्यामुळे दुसऱ्याच्या ताब्यात होता, म्हणून वाचला, असं सांगतात.

दादांनी हात सैल सोडला, हिशेब ठेवला नाही, मित्रांवर उधळलं, हे खरं आहे. पण त्या धंद्याची रीत काय होती तीही पाहिली पाहिजे. स्वतंत्र निर्माता म्हणजे फायनान्सर आणि वितरक यांच्या पैशावर उभा राहणारा माणूस. पैसा उचलायचा तर तारण म्हणून चित्रपटाचे हक्क, निगेटिव्ह, घर, जागा जे असेल ते लिहून द्यायचं. व्याज सिनेमाच्या यशासाठी थांबत नाही, तारखेवर चालतं. एक चित्रपट लागला तर पुढच्याला पैसा मिळतो. एक पडला तर आधी लागलेल्याचीही कमाई त्यात जाते. चाळीस-पन्नासच्या दशकांत अशा रीतीने उभ्या राहिलेल्या किती तरी कंपन्या आणि स्टुडिओ याच रीतीने बसले. दादा उधळे होते म्हणून बुडाले, एवढंच म्हणून चालणार नाही. सगळं आयुष्य एकाच डावावर लावल्याशिवाय उभंच राहता येऊ नये अशा धंद्यात ते होते.

‘अलबेला’नंतरच्या पडत्या काळात दादा मिळेल ते काम करत राहिले. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ अशा चित्रपटांत छोट्या भूमिका झाल्या. पुढेपुढे तर त्यांना बोलावणं यायचं ते दोन मिनिटं तोच नाच करून दाखवण्यासाठी. गर्दीत एक म्हातारा उभा राहतो, दोन्ही हात छातीसमोर घेतो, थिएटरात ओळखीचा हशा उठतो आणि प्रसंग संपतो. ज्याने स्टुडिओ उभा केला होता, त्याला एक दिवसाच्या शिफ्टचा मोबदला मिळायचा. वैभवातले बहुतेक मित्र पांगले. सी. रामचंद्र, ओमप्रकाश, राजेंद्र कृष्ण अशी मोजकी माणसं चाळीतही येत-जात राहिली. गणपतीच्या विसर्जनाची मिरवणूक चाळीपुढे थांबायची, दादा खाली उतरायचे, दोन पावलं नाचायचे आणि मगच गणपती पुढे जायचा, ही आठवण दादरची जुनी माणसं अजून सांगतात. दादरच्या रस्त्याने त्यांच्यावर मनापासून प्रेम केलं. चित्रपटाच्या धंद्याने त्यांना काम संपलं तसं सोडून दिलं.

शरीर हेच भांडवल

याच दादांच्या आयुष्यात आणखी एक घटना आहे, आणि तिची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. 1942 मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात दृश्याप्रमाणे भगवानदादांनी ललिता पवारांच्या थोबाडीत मारली. हात चुकून फार जोरात बसला. त्यात त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. सुमारे तीन वर्षं उपचार चालले, आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. तोवर त्या नायिका होत्या. त्यानंतर नायिकेची कामं संपली.

येवल्यात जन्मलेल्या या बाईची जिद्द अशी की त्या अधू डोळ्यालाच त्यांनी आपल्या अभिनयाचं हत्यार केलं. खाष्ट सासू म्हणून त्यांचा धाक बसला, ‘अनाडी’तली मिसेस डिसा लोकांच्या मनात घर करून राहिली, आणि दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’तली मंथरा घरोघर पोचली. ही कहाणी नेहमी जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण ती कामाच्या जागी झालेल्या अपघाताचीही कहाणी आहे. कारखान्यात यंत्रावर कामगाराचं बोट तुटलं तर भरपाईचा प्रश्न निघतो, कायदा काढला जातो. सेटवर एका नटीच्या चेहऱ्याची एक बाजू गेली, आणि ते तिचं नशीब ठरलं. 24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यात औंधच्या घरी ललिताबाई गेल्या, तेव्हा घरात त्या एकट्याच होत्या.

नटाचं भांडवल म्हणजे त्याचं शरीर. लेखकाला सत्तरीत लिहिता येतं, चित्रकाराची जुनी चित्रं त्याच्या हयातीतच महाग होतात. नटाचा आवाज, चाल, पाठांतर आणि चेहरा यांवर वयाचा पहिला घाव पडतो. रंगभूमीवर त्याला ‘नाइट’ मिळते. प्रयोग झाला तर नाइट, आजारी पडलात तर नाइट नाही. मालिकांत काम केलं तर पैसे हातात पडायला नव्वद-नव्वद दिवस लागतात. बहुतेकांना भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही.

करोनाच्या काळात ही गोष्ट लख्ख दिसली. 2020 च्या मे महिन्याअखेरीस राज्य शासनाने चित्रीकरणाला परवानगी देताना 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई केली. हेतू त्यांच्या जिवाची काळजी हाच होता. पण त्या वयातही रोज सेटवर गेल्याशिवाय ज्यांची चूल पेटत नाही अशी माणसं या धंद्यात किती आहेत, हे त्यानिमित्ताने बाहेर आलं. एका ज्येष्ठ कलाकाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि 7 ऑगस्ट 2020 रोजी न्यायालयाने ती मनाई रद्द केली. काम करण्याचा हक्क त्यांना परत मिळाला. काम न करता म्हातारपण काढण्याची सोय मात्र कुणी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही.

बालगंधर्व आणि कर्जाचा डोंगर

हे आजचंच दुखणं आहे, असं कुणी समजू नये. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व. त्यांच्या नेसण्यावरून घरंदाज बायका लुगडं नेसायला शिकल्या, असं ज्यांच्याबद्दल बोललं गेलं, ते नट. 1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. उंची वस्त्रं, खरी अत्तरं, गालिचे, पंक्ती. रंगभूमीवर खोटं काही नको, हा त्यांचा हट्ट आणि मंडळीचा लौकिकही. 1921 मध्ये मंडळी कर्जात बुडाल्याचं उघड झालं. बालगंधर्वांनी ते कर्ज अंगावर घेतलं आणि प्रयोग करून करून फेडलं. त्याच 1921 सालच्या 8 जुलैला केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी ‘संयुक्त मानापमान’चा तो गाजलेला प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. स्वतः कर्जात असलेला हा माणूस देशकार्यासाठी पैसा उभा करत होता.

पुढे बोलपट आले, संगीत नाटकाचा बहर ओसरला. प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’त ते 1935 मध्ये संत एकनाथ झाले. पण समोर प्रेक्षक नाहीत, दाद नाही, अंगावर लुगडं नाही. त्यात त्यांचा जीव रमला नाही आणि ते पुन्हा नाटकाकडे वळले. साठी ओलांडल्यावरही त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. त्या पाहणाऱ्या अनेकांना वाईट वाटे. पण त्यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे विचारणारे थोडे. पाय अधू झाल्यावरची वर्षं गायिका गोहरबाईंच्या सोबतीने काढली. 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं, त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. 15 जुलै 1967 रोजी बालगंधर्व गेले. 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जयंतीला, पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उभं राहिलं. स्मारक देखणं झालं. त्याच्या उद्घाटनाला मात्र ते हयात नव्हते.

‘माणूस’ या प्रभातच्या 1939 च्या चित्रपटाने शांता हुबळीकरांना घराघरांत नेलं. त्यांनीही आयुष्याची अखेरची वर्षं वृद्धाश्रमात काढली.

फडाचा हिशेब

चित्रपटात आणि नाटकात निदान नाव छापलं जातं. तमाशाचं तेही नाही. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला गेलं की रस्त्याकडेला फडांच्या राहुट्या लागलेल्या दिसतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाचा फलक, आत सतरंजी, एक पेटी, एक वही, आणि मॅनेजर. गावोगावचे पुढारी आणि यात्रा कमिटीची माणसं येतात, कुठल्या तिथीला कुठला फड हवा ते सांगतात, घासाघीस होते, सुपारी ठरते, इसार दिला जातो. चैत्र-वैशाखातल्या जत्रा संपल्या की हंगाम संपतो. मग पावसाळाभर हाताला काम नाही. त्या दिवसांत कलावंत मालकाकडून उचल घेतो, मालक सावकाराकडून व्याजाने पैसा काढतो. दसऱ्याला फड पुन्हा बाहेर पडतो तेव्हा नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारा, सगळेच आधीच्या कर्जाने बांधलेले असतात. टाळ्या यंदाच्या, पण त्यातली कमाई गेल्या वर्षीच्या उचलीत वळती होते.

विठाबाई या जगातल्या सम्राज्ञी. 1935 मध्ये पंढरपुरात जन्म. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातला वारसा, लहानपणापासून पायांत चाळ. 1957 आणि 1990 अशी दोन राष्ट्रपती पदकं. चीनच्या आक्रमणाच्या काळात सीमेवर जाऊन जवानांसमोर केलेले प्रयोग. त्यांची ती कहाणी महाराष्ट्राला ठाऊक आहे: दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तेव्हा आत गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पदर खोचून पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. खरं काय ते कळल्यावर लोकांनी हात जोडून खेळ थांबवला.

ही कहाणी आपण कलानिष्ठेची म्हणून सांगतो. ती तशी आहेही. पण त्या रात्री त्या नाचल्या नसत्या तर काय झालं असतं, हेही पाहायला हवं. खेळ मोडला असता, सुपारीचे पैसे परत करावे लागले असते, पन्नास-शंभर माणसांची त्या दिवसाची भाकरी अडली असती. बाळंतपणाची रजा ज्या धंद्यात कल्पनेतही नाही, तिथे निष्ठा आणि नाइलाज यांची गाठ सोडवता येत नाही. विठाबाईंच्या नावाने शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तो त्या गेल्यानंतर, 2006 मध्ये. हा पुरस्कार आज ज्या वृद्ध कलावंतांना मिळतो त्यांना त्याचा खरा आधार होतो, म्हणून तो मोलाचा आहे. तो ज्यांच्या नावाने आहे त्यांच्या उशाशी मात्र दवाखान्याचं बिल होतं.

ओळखीच्या चेहऱ्याची अडचण

गरीब माणसाला गरिबी लपवावी लागत नाही. नामवंत माणसाला लपवावी लागते, आणि कीर्तीची हीच सर्वांत जड किंमत आहे. ज्याला सगळे ओळखतात त्याला कुठेही साधी नोकरी मागता येत नाही. सरकारी दवाखान्याच्या रांगेत तो उभा राहिला तर त्याचे फोटो काढले जातात. गणेश मंडळ वर्गणी मागायला येतं तेव्हा आकडा त्याच्या नावाकडे बघून ठरतो, खिशाकडे बघून नाही. समारंभाला बोलावणं येतं, शाल मिळते, श्रीफळ मिळतं, काचेच्या पेटीतलं स्मृतिचिन्ह मिळतं. येण्याजाण्याच्या भाड्याचं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि ते मागणं त्याच्या जिभेवर येत नाही. आजार लपवावा लागतो, कारण बातमी फुटली की आहे ते कामही दुसऱ्याला जातं.

आणि एक दिवस लपवणंच अशक्य होतं. दोनशेहून अधिक चित्रपटांत कामं केलेल्या, ‘शोले’तल्या आंधळ्या इमामाची भूमिका अमर करणाऱ्या ए. के. हनगल यांच्या औषधपाण्याला पैसा नाही, ही बातमी 2011 मध्ये आली तेव्हा ते नव्वदीत होते. मग मदतीचा ओघ सुरू झाला. पण मदत मिळण्यासाठी आधी गरिबीचं प्रदर्शन मांडावं लागलं. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल!

23 डिसेंबर 1970 रोजी वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ नाटकाचा पहिला प्रयोग झाला. तेव्हापासून मराठी माणूस गणपतराव बेलवलकरांसाठी रडतो आहे. शिरवाडकरांच्या त्या नटाने आपलं होतं ते मुलांना वाटून टाकलं आणि तो रस्त्यावर आला. आपल्या खऱ्या कलावंतांपैकी बहुतेकांकडे वाटून टाकण्याइतकंही काही नसतं. 2016 मध्ये ‘नटसम्राट’ चित्रपटरूपाने आला आणि त्याच वर्षी भगवानदादांवरचा ‘एक अलबेला’ही आला. दोन्हींनी आपल्याला हेलावलं. मात्र हेलावलेलं मन घेऊन आपण थिएटरबाहेर पडतो आणि तिथेच तो विषय संपवतो.

भीक नको, वाटा हवा

मग करायचं काय? पहिली गोष्ट वाट्याची. 1960 मध्ये हॉलिवूडच्या नटांनी संप केला. तेव्हा त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. त्या संपातून चित्रपट पुन्हा टीव्हीवर दाखवला तर त्यातला हिस्सा नटाला, आणि निवृत्तिवेतन व आरोग्य यांसाठी सामाईक निधी, अशा दोन गोष्टी पदरात पडल्या. आपल्याकडे साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांच्या रॉयल्टीचा प्रश्न लावून धरला, त्यावरून महंमद रफींशी काही वर्षं अबोलाही झाला. अखेर 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेऊनही काढून घेता येणार नाही, असं ठरलं. कला सादर करणाऱ्याचा हक्कही कायद्याने मानला, त्याच्या आधारावर गायकांनी आपली संस्था उभी केली. पडद्यावर दिसणारा नट मात्र या वाटेवर मागेच राहिला. करारावर सही करून एकदा रक्कम घेतली की चित्रपट पुढे पन्नास वर्षं टीव्हीवर आणि मोबाइलवर चालला तरी त्याच्या घरी सहसा पै येत नाही. नटांच्या संघटनांनी गायकांइतकाच चिवटपणा दाखवला पाहिजे, आणि यशस्वी नटांनी त्यात पुढे उभं राहिलं पाहिजे. ज्याला एका चित्रपटाचे कोटी मिळतात त्याने मागितलं तरच चार ओळींच्या भूमिकेवाल्याला मिळेल.

दुसरी गोष्ट शासनाची. महाराष्ट्रात 1954-55 पासून वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. इतकी जुनी योजना असणं ही राज्याला भूषणावह गोष्ट आहे. आज ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि 2024 मध्ये मानधन सरसकट महिना 5000 रुपये झालं. त्याआधी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पायऱ्या होत्या आणि रक्कम याहून बरीच कमी होती. वाढ झाली हे चांगलंच झालं. पण 5000 म्हणजे दिवसाला 166 रुपये. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या घेतल्यावर त्यात किती उरतं, हे ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे त्याला सांगायला नको. मानधनाला महागाईची जोड हवी, आणि त्याच्या बरोबरीने आरोग्यविम्याचं कार्ड हवं.

तिसरी गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून अवघड. या मानधनासाठी अर्ज करताना आपण कलावंत असल्याचे पुरावे जोडावे लागतात. वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रमाणपत्रं, कार्यक्रमपत्रिका, फोटो. शहरातल्या नटाकडे फाइल असते. पालातल्या, वस्तीवरच्या, ढोलकीवर आयुष्य घालवलेल्या म्हाताऱ्याकडे काय असणार? फडात चाळीस वर्षं नाचलेल्या बाईचं नाव एकाही हँडबिलावर नसतं, कारण तिथे नाव मालकाचं असतं. गोंधळी, वाघ्यामुरळी, दशावतारी, खडीगंमतवाले, सगळ्यांची हीच कथा. योजना आहे, पैसाही आहे, पण ज्याला तो हवा त्याच्याजवळ कागद नाही.

इथे वाचकाला हातभार लावता येतो. तुमच्या गावच्या जत्रेत कोणत्या साली कोणता फड आला, हे यात्रा कमिटीच्या जुन्या वह्यांत आहे. मंडळाच्या कपाटात जुन्या कार्यक्रमपत्रिका आहेत, वाचनालयात स्थानिक वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत, कुणाच्या तरी अल्बममध्ये फोटो आहेत. त्या वह्या उघडा. तुमच्या तालुक्यातल्या एका वृद्ध कलावंताच्या घरी जा, त्याने कुठे-कुठे कला सादर केली ते विचारा, आणि त्याला मंडळाच्या लेटरहेडवर, शिक्क्यानिशी, तसं पत्र द्या. सोबत पंचायत समितीच्या कचेरीत जा आणि अर्ज भरून घ्या. पुढच्या वर्षी यात्रेचा तमाशा ठरवताना सुपारीबरोबर फडातल्या म्हाताऱ्या कलावंतांसाठी वेगळी रक्कम काढा आणि ती त्यांच्या हातात द्या. माणूस गेल्यावर पुतळा, पुरस्कार आणि रंगमंदिर उभं करायला आपण कधी कमी पडलो नाही. हयातीत लागतं ते एक पत्र, एक अर्ज आणि वेळेवर मिळणारा मोबदला. तेवढं करणं आपल्या हातात आहे, आणि ते आताच करायला हवं.